हिरव्या सोफ्यातल्या पिसवा

"उद्या सकाळी भोपूला गोदामाच्या रखवालदाराकडे पोचवतो," काका सकाळी उठल्या उठल्या घोटा खाजवत म्हणाले. "डॉक्टरांचं औषध लावलं, आंघोळ घातली, तरी पिसवा आहेतच. बाळाचे पाय बघा जरा."

बाळाच्या पायांवर लाल गांध्या उठल्या होत्या. टिकलीला उलट बोलवेना. पण सुट्टीला आल्यापासून काकांचा हा कुत्रा तिच्याच पायाशी झोपत होता आणि तिला एकही पिसू चावली नव्हती. हे तिच्या डोक्यातून जाईना.

तिने दादाला आणि शेजारच्या ढब्बूला गच्चीवर गाठलं. तिघांनी मिळून भोपूला बारीक फणीने विंचरलं.

"एकही नाही," ढब्बू म्हणाला. "मग येतात कुठून?"

"पांढरे मोजे घालून घरभर फिरू," दादाला सुचलं. "पायावर उडी मारली की दिसतीलच."

ढब्बूने भोपूला आपल्या घरी बांधून ठेवलं आणि तिघं निघाले. स्वयंपाकघरात काही नव्हतं. झोपायच्या खोलीत एखाददुसरी सापडली. तळमजल्यावर काका जुने सोफे नव्या कापडाने मढवून देत. तिथल्या हिरव्या सोफ्याजवळ गेल्यावर मात्र दादाच्या मोज्यांवर कुणी तीळ पेरावेत तसे काळे ठिपके उड्या मारू लागले.

"हा बंद घरातून आणलेला सोफा," टिकली हळूच म्हणाली. "काका यावरच बसून चहा पितात, आणि तसेच वर येऊन बाळाला घेतात."

"सांगितलं तर ऐकतील का?" दादाने विचारलं.

"सांगायचं कशाला? दाखवू."

संध्याकाळी काका चहाचा कप घेऊन सोफ्यावर टेकले. "बाबांना हे मोजे घट्ट होतात, तुम्हाला बसतात का बघा," ढब्बू साळसूदपणे म्हणाला. काकांनी मोजे चढवले. चहा अर्धा झाला तेव्हा त्यांचं लक्ष पायांकडे गेलं. पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारत होते.

"भोपू सकाळपासून ढब्बूकडे आहे, काका," टिकली म्हणाली.

काकांनी सोफा अंगणात ओढून उसवला. चादरी, भोपूचं अंथरूण, सगळं उकळत्या पाण्यात गेलं. मुलं रोज कानाकोपरे झाडत राहिली, कारण अंड्यांतून नव्या पिसवा निघतच होत्या. हळूहळू बाळाचे पाय स्वच्छ झाले.

"शाबास रे पोरांनो," काका म्हणाले. "यापुढे जुनं सामान आधी तुम्ही तपासायचं, मगच ते आत येईल."

"पण तुम्ही सोफा का नाही पाहिला?" टिकलीने विचारलं.

काकांनी भोपूच्या पाठीवरून हात फिरवला. "सोफा मी आणला होता ना," ते म्हणाले. "आणि याला बोलता येत नाही."