भरल्या पोटाचे बुलबुल

दिवाळीच्या सुटीतला रविवार. इतवारीतल्या एका गोदामाच्या भिंतीवरून जयवंता, तिची मामेबहीण पुष्पलता आणि शेजारचा अनंत आत डोकावत होते. अंगणात दोन बुलबुल भिडले होते. कमरेला दोरा, पंजात पंजा, चोची रक्तानं माखलेल्या. एकाचा डोळा फुटला, तशा माणसांनी शिट्ट्या मारल्या.

पुष्पलतेनं तोंड फिरवलं. बुलबुल म्हणजे गोड गाणारा पक्षी, असं शाळेतल्या यमुताई शिकवत. गाणाऱ्या मुलीलाही लोक कौतुकानं बुलबुल म्हणतात.

"या गल्लीत लढणाऱ्याले म्हणतात," अनंत म्हणाला.

इतक्यात जयवंताला कोपऱ्यातल्या दांडीवर तिचा बुलबुल दिसला. पंखात एकच पांढरं पीस. गावी पारशिवनीला पिल्लापासून वाढवलेला, सुटीत सोबत आणलेला, परवा मामाच्या अंगणातून चोरीला गेलेला! आणि झुंजी लावणारा चंद्रभान सांगत होता, पोहे खाऊन आलो की याचीच पाळी.

अनंतला ही रीत ठाऊक होती. पाखरांना दोन दिवस उपाशी ठेवतात, मग दोघांमध्ये बेसनाची एकच गोळी धरतात. भूकच त्यांना लढवते.

"मंग त्याईले जेवू घालू," जयवंता म्हणाली.

माणसं तर्री-पोहे खायला गेली. पुष्पलता यमुताईंना बोलवायला पळाली. बाकी दोघांनी आत उतरून तिथल्या आठही पाखरांना गोदामातली केळी भरवली. जयवंता पोत्यांमागे लपली, पण परतलेल्या चंद्रभाननं अनंतला पकडलं. थपडेनं त्याचा ओठ फाटला, तरी त्यानं केळ्यांचं सांगितलं नाही.

झुंज लागली. गोळी पुढे आली. जयवंताच्या बुलबुलानं चोच दांडीला पुसली आणि तो गाऊ लागला. समोरच्यानंही सूर धरला.

"फसवून राहिला आमाले!" पैसे लावलेला एकजण ओरडला आणि त्यानं चंद्रभानच्या डोक्यात दांडी हाणली. मग जो तो एकमेकांवर तुटून पडला. दात पडले, सदरे फाटले. त्या धुमश्चक्रीत जयवंतानं पाखराचा दोरा दातांनी तोडला.

यमुताई आल्या तेव्हा अंगण रिकामं झालं होतं. कपाळाचं रक्त पुसत चंद्रभान एकटाच बसला होता. त्यांनी आधी अनंतचा ओठ धुतला. तिघांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हाणामारी न करता जिंकलात. शाब्बास."

आठही पाखरं गात होती.

"बारा वर्सं झाले पाखरं पाळून राहिलो, बाई," चंद्रभान खाली मान घालून म्हणाला. "यायचं गाणं आज आयकलं."

यमुताईंनी पिशवीतून कात्री काढून त्याच्यापुढे धरली. उरलेले सात दोरे त्यानं स्वतः कापले.