दोरीवर वाळणारं बेट

"हेस्टर, कागद वाळत घाल! आणि फेम्के बाळा, तू समुद्र रंगव. केवढा हलका हात आहे पोरीचा!"

बाबांचं हे 'बाळा' हेस्टरला मिरचीसारखं झोंबलं. आत्याची फेम्के सुट्टीला अ‍ॅमस्टरडॅमला आल्यापासून कुंचला तिचा, कौतुक तिचं, हेरिंग माशाचा मोठा तुकडाही तिलाच!

फणफणत हेस्टरनं ओला नकाशा दोरीवर टाकला आणि थबकली. खिडकीच्या उजेडात कागदाच्या पाठीकडून बेट दिसत होतं: खाडी डावीकडे, खडक उजवीकडे. भिंतीवर लावलेल्या, खलाशानं काढलेल्या बेटाच्या मूळ चित्रातही तसंच! पण सरळ बाजूनं पाहिलं, तर नेमकं उलट!

तांब्याच्या पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा ते सुलटं छापलं जातं. बाबांनी सवयीनं अक्षरं उलटी कोरली होती, बेट मात्र तसंच सुलटं, म्हणून ते छापताना उलटलं!

'रंगवू दे बाईसाहेबांना चुकीचं बेट,' हेस्टर मनात म्हणाली. 'मग होईल फजिती!'

"हा नकाशा माझ्या बाबांसाठी," फेम्के गुणगुणली. "उद्या त्यांचं जहाज निघणार. ते इथेच नांगर टाकणार, या हिरव्या खाडीत!"

हेस्टरनं दोरीवरच्या नकाशाकडे पाहिलं. तिथे तर खडक होते! आणि आतोबांच्या हाती हाच नकाशा!

"बाबा, बेट उलटं छापलंय!"

"वीस वर्षं कोरतोय मी! फेम्केवर जळतेस म्हणून काहीही? जा, कागद वाळव!"

हेस्टरचे कान लाल झाले. जळत होती, हे तर खरंच होतं! ती फेम्केकडे वळली. "माझ्यावर विश्वास ठेवतेस?"

"अजिबात नाही. पण दाखव."

थोड्या वेळानं दोघींनी एक कागद खिडकीला धरला, बेटाच्या नावावर अंगठे दाबून. "मामा, एवढं तपासता?" फेम्केनं विचारलं.

बाबांनी भिंतीवरचं चित्र पाहिलं. "हुबेहूब! पश्चिमेला खाडी, पूर्वेला खडक. बघ हेस्टर!"

"मग आम्ही अंगठे काढतो हं!"

नावाची अक्षरं उलटी! बाबा कागदाच्या पाठीकडे बघत होते!

त्यांनी कागद ओढून सुलटा धरला. "अरे देवा! दाजींचं जहाजच फुटलं असतं!" मग हातानं नवा नकाशा काढून त्यांनी कुंचला हेस्टरपुढे धरला. "असली नजर माझ्याकडेही नाही, बाळा! हा समुद्र तूच रंगव."

फेम्केचं तोंड एवढंसं झालं. ते तोंड हेस्टरच्या चांगलंच ओळखीचं होतं. आठवडाभर आरशात तेच तर दिसत होतं!

"ये गं," ती कुरकुरली. "समुद्र भरपूर आहे. पण खाडी मी रंगवणार!"