दुसरा खट

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खोटी म्हणू नका. भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही मात्र लख्ख उन्हातली.

वेळ अगदी मिनिटासकट सांगता येते. दुपारचे चार वीस.

घडली माझ्या मावशीच्या बाबतीत.

तिचे यजमान, आमचे काका, पुलावर मिस्त्री होते. नदीवरचा जुना लोखंडी पूल. त्याचा रंग, पट्ट्या, नट-बोल्ट सगळं त्यांच्या टोळीकडे. राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर, पुलाच्या टोकाला अगदी खेटून. खिडकी उघडली की डोक्यावर पूल.

त्या पुलाला एक आवाज होता.

पुलाच्या दोन भागांमध्ये चार बोटांची फट ठेवलेली होती आणि तिच्यावर लोखंडी पट्टी. गाडीचं पुढचं चाक पट्टीवरून गेलं की खट, मागचं गेलं की पुन्हा खट. दिवसभर, रात्रभर.

खट... खट.

मावशीला त्याची सवय झाली होती. चार वीसची बस वरून गेली की ती चहाचं आधण ठेवायची. घड्याळाकडे बघायची गरजच नसायची.

मग ठमी झाली.

ठमी सातव्या महिन्यातली, मुठीएवढी. तिचा डोळा लागतो न लागतो तोच वर खट. पोर दचकून दोन्ही हात हवेत टाकायची. पुन्हा खट, पुन्हा हात. मग जी रडायची ती तासभर. मावशीचा जीव मेटाकुटीला आला.

"अहो, तुमच्या त्या पुलाचं तोंड बंद करा. नाहीतर मी हिला घेऊन आईकडे जाते."

"पुलाला काय झोपेची गोळी देऊ?" काका हसले.

"काय द्यायचं ते द्या."

तिला वाटलं, हसण्यावारी नेतील. पण पोरीत त्यांचाही जीव अडकला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पट्टी उचलून फटीत खडी ठासली, गोणपाट कोंबलं आणि वरून गरम डांबर ओतलं. पट्टी पक्की बसली.

आवाज बंद.

फट कशासाठी असते हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. लोखंड उन्हात फुगतं, त्याला सरकायला जागा लागते. "उन्हाळ्याच्या आत काढून टाकतो," असं ते म्हणाले होते.

त्या दिवशी ठमी पहिल्यांदा सलग तीन तास झोपली. मावशी सांगते, त्या दोन महिन्यांइतकं सुख तिला पुन्हा कधी मिळालं नाही.

त्या वर्षी ऊन लवकर आलं.

एका दुपारी काका जेवायला बसले होते. ताट अर्धवट टाकून उठले.

"कठडा वाकडा दिसतोय गं. काल नव्हता. ती फट मोकळी करून येतो."

"उन्हं उतरल्यावर जा की."

"तोवर थांबण्यातलं काम नाही हे."

पहार घेऊन ते वर गेले. मावशी ठमीला मांडीवर घेऊन बसली. वरून पहारीचा आवाज येत होता. खण, खण, खण. बराच वेळ.

मग पहार थांबली...

चार वीसची बस आली.

खट.

दोन महिन्यांनी तो आवाज कानावर पडला आणि मावशीला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. फट मोकळी झाली, आता हे खाली येतील, म्हणून तिने ठमीला खाली ठेवलं आणि ती आधण ठेवायला उठली.

दुसरा खट आलाच नाही.

पुढचं मी सांगत नाही. बसमध्ये सतरा माणसं होती. काका धरून अठरा.

चौकशी झाली. अहवालात पूल पडण्याची बरीच कारणं निघाली. पूल ज्यांवर सरकायचा ते खालचे रोलर गंजून जाम झाले होते, अकरा वर्षं त्यांना कोणी वंगण दिलं नव्हतं. एका खांबाचा पाया नदीने पोखरला होता. पुलाला झेपणार नाहीत इतक्या जड गाड्या वरून जात होत्या. आणि अगदी शेवटी एक ओळ होती. फटीत डांबर भरल्याच्या खुणा आढळल्या, कोणी भरलं ते समजलं नाही.

चौकशीच्या साहेबांनी मावशीला विचारलं होतं.

"बाई, तुमचे मिस्टर त्या फटीबद्दल काही बोलले होते का?"

"नाही," मावशी म्हणाली.

गेलेल्या माणसाला बोल लागू नये म्हणून म्हणाली. स्वतःला लागू नये म्हणूनही म्हणाली.

पंधरा दिवसांनी, कडक उन्हात, ती ठमीला घेऊन त्याच क्वार्टरमध्ये बसली होती. वर पूल नव्हता. नुसतं आभाळ होतं.

आणि चार वीसला...

खट.

भास असेल, असं मावशीने स्वतःला सांगितलंही असतं. पण मांडीवरची ठमी दचकली. तिचे दोन्ही हात वर गेले.

आणि तसेच राहिले.

दुसऱ्या आवाजाची वाट बघत.

मावशीने क्वार्टर सोडलं. गाव सोडलं. तीन घरं बदलली. ठमी मोठी झाली आणि तिचं दचकणं थांबलं. मावशीला मात्र कडक उन्हाच्या दिवशी तो आवाज येतच राहिला. एकदाच येणारा. एकतीस वर्षं तिने कोणापाशी ब्र काढला नाही.

मागच्या उन्हाळ्यात ठमीला मुलगा झाला. मी बघायला गेले होते. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, आसपास नदी नाही की पूल नाही. फक्त लिफ्टचं दार सारखं आपटायचं आणि बाळ जागं व्हायचं.

"त्या दाराच्या फटीत रबराचा तुकडा ठोकून टाकतो," जावई म्हणाला. "आवाज बंद."

मावशीने झटकन मान वर केली.

"फटीत काही घालू नका," ती म्हणाली. आणि मग तिने सगळं सांगितलं. डांबर, पहार, चौकशीतलं ते 'नाही'.



"म्हणजे बाबा..." ठमीने विचारलं, "माझ्या झोपेसाठी?"

"तू तान्ही होतीस गं. तुझा काय दोष? मी सांगितलं होतं त्यांना."

ठमी रडत होती, पण तिने आईचा हात सोडला नव्हता. मला वाटलं, झालं. मावशी बोलली एकदाची, आता सुटली.

माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. चार वीस.

लिफ्ट थांबलेली होती. मला काहीही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

पण पाळण्यातलं बाळ दचकलं...

दोन्ही हात वर गेले.

आणि तसेच राहिले.

मावशी उठली. तिने ते दोन्ही हात अलगद खाली घेतले आणि बाळाच्या छातीवर ठेवले.

"झोप राजा. तू नको वाट बघूस. मी बघतेय ना."

तिने हात सोडले, तसे ते पुन्हा हळूच वर आले.

मग अंधार पडेपर्यंत ती ते हात धरून तिथेच बसली. चहाचं कोणी नावसुद्धा काढलं नाही.