लुई खुर्चीचा शेवटचा हात

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. तरी हे माझ्याच घरात घडलं. जेद्दाची जुनी वस्ती, बलद. २०१३चा उन्हाळा.

माझा नवरा जलाल कोकणातल्या खेडचा. इथे जुन्या फ्रेंच महालांत असायचं तसं कोरीव 'लुई' फर्निचर बनायचं, त्या कारखान्यात तो पॉलिश करायचा. नोकऱ्या स्थानिकांनाच द्यायच्या सौदीकरणात त्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, अडला. त्याला गावी जावं लागलं. माझा इकामा शाळेचा. मी राहिले.

घरात त्याची एक लुई खुर्ची अर्धवट होती. निघायच्या दिवशी तो म्हणाला,

"हिला हात लावू नकोस, मासू. ज्याने पॉलिश सुरू केलं त्यानेच शेवटचा हात मारायचा. नाहीतर डाग दिसतो."

"आणि तुला व्हिसा मिळालाच नाही तर?"

"तर बस तिच्याशी भांडत."

वाळलं का बघायला तो खुर्चीच्या पाठीमागे अंगठा टेकवायचा. त्या दिवशीही टेकवला, आणि गेला.

मग एका दुपारी... बाहेर दुकानं बंद, गल्ली सुनसान.

सुळ्ळ... सुळ्ळ...

लाकडावर कापड फिरत होतं.

हॉलमध्ये गेले. कोणी नाही.

पण पॉलिशच्या स्पिरिटचा वास होता. बाटली कपाटात, घट्ट बंद.

आणि खुर्चीचा एक पाय चकाकत होता...

मी जलालला फोन लावला.

"काम नाही गं. दुपारी झोपतो. उठलो की उजवा हात भरून आलेला असतो. झोपेत काय दगड फोडतो कोण जाणे."

मी त्या चकाकत्या पायाकडे बघत फोन ठेवला.

आवाज रोज येऊ लागला. मी हॉलमध्येच जेवायला बसू लागले. भीतीपेक्षा सोबत जास्त वाटायची.

मग फक्त पाठ उरली. खुर्ची संपली की आवाजही संपणार...

मी कापसावर स्पिरिट घेतलं आणि एका पायाचं पॉलिश पुसून काढलं.

दुसऱ्या दुपारी आवाज पुन्हा त्या पायापासून सुरू झाला.

मी पुसत राहिले. तो येत राहिला.

मग जलालचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"मासू, एक दार मिळालं पॉलिशला. पण फडकाच धरता येईना. बोटांना काही आठवत नाही."

मी स्पिरिटची बाटली मोरीत ओतली.

त्यानंतर काही दुपारी आवाज आला. हळू, सावकाश...

मग थांबला.

खुर्ची पूर्ण झाली होती. कुठेही डाग नाही.

शुक्रवारी तो फोनवर हसत होता. "हात आला परत! आता इथेच दुकान टाकतो. व्हिसाचं खलास. तिकडे माझं काय राहिलंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

ह्या पॉलिशचा, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा, पातळ हात तासाभरात वाळतो. ह्या गोष्टीला आता वर्षं झाली.

खुर्चीच्या पाठीमागे मात्र त्याच्या अंगठ्याचा एक ठसा आहे. मी रोज दुपारी बोट लावून बघते.

तो अजून ओला आहे...