कागदावरचा थोटा

"मारा थोट्याला!"

निरीक्षकबाई पोचल्या तेव्हा फाटकापाशी जमावानं पहारेकऱ्याला लोळवलं होतं. लाथा पडत होत्या. डावा हात नसलेला तो माणूस डोकं झाकायचा, तेवढ्यात पोट उघडं पडायचं. खून झालेल्या चित्रकाराच्या बायकोनं त्याच्या तोंडावर चप्पल हाणली. ओठ फाटून रक्त आलं.

शिपाई मध्ये पडले.

"पुरावा?" बाईंनी विचारलं.

बायकोनं रक्ताळलेला कागद पुढे केला. "ह्यांच्या मांडीवर होता. मरता मरता सांगून गेलेत."

पेन्सिलीच्या मोजक्या रेघा. समोर तोंड करून उभा माणूस, नाक-डोळे नाहीत. उजवा हात खाली सुटलेला, डावा नाहीच. डाव्या खांद्यापाशी एक वाटोळं, बस्स.

"आणखी काय हवं?" चित्रकाराचा धाकटा भाऊ ओरडला. "द्या त्याला आमच्या ताब्यात!"

चित्रशाळेत चित्रकार खुर्चीतच कोसळला होता. कपाळाचा चेंदामेंदा. बाजूला मूर्तिकामाचा लाकडी हातोडा. समोर बुटका चौथरा आणि त्यावर खडूनं आखलेली दोन पावलं. एक सरळ, एक बाहेर वळलेलं.

"ही कुणाची?"

"समोर उभं राहणाऱ्याची," बायको म्हणाली. "मध्ये विसावा घेतला की परत तस्संच उभं राहता यावं म्हणून आखतात. सकाळी मी चौथरा पुसला तेव्हा नव्हती."

बाई भावाकडे वळल्या. "तुम्ही आज आत आला होतात?"

"छे! महिनाभर इथे पाऊल टाकलं नाही. दादाचं नि माझं वाजलं होतं."

"कशावरून?"

"घरचं असतं हो काहीबाही."

बाईंनी हातोडा रुमालात धरून हवालदाराला दिला. "चौथऱ्यापुढे उभे राहा. डाव्या हातानं उगारा, माझ्यावर."

"बाई, माझी नोकरी जाईल!"

"उगारा हो!"

त्या खुर्चीशेजारी वाकून बघत राहिल्या. मग भावाला म्हणाल्या, "आता तुम्ही वर चढा. उजेड कसा पडतो ते बघायचंय."

भाऊ चढला आणि वळून उभा राहिला.

"आता खाली बघा."

त्यानं पाहिलं. त्याची दोन्ही पावलं खडूच्या रेघांत चपखल बसली होती. बोटं, टाचा, सगळं.

"खाली न बघता तुमचे पाय बरोबर जागेवर गेले. अंगवळणी पडलंय ते. आणि या रेघा आजच आखलेल्या, तुमच्याच मापाच्या," बाई म्हणाल्या. "कवटी फुटलेल्या माणसाची रेघ थरथरते. ही एकही थरथरली नाही. चित्र घाव बसायच्या आधीचं आहे. आणि यातला माणूस थोटा नाही. हातोडा थेट बघणाऱ्यावर रोखला की हात त्यामागे झाकला जातो, दिसतं फक्त हातोड्याचं वाटोळं तोंड. दादांनी तुम्हाला तसं उभं करून जे दिसलं तेच काढलं. वहिनींना त्यात थोटा दिसला, तुम्ही तेच उचलून धरलंत."

भावानं डावा हात पुढे करून हातोड्यावर झेप घेतली. हवालदारानं त्याला भिंतीवर आपटलं, हात पिरगाळला. तो कळवळला.

"मिसरूड फुटल्यापासून उभा करत आला मला! मी काढलेली चित्रं फाडली त्यानं. आज म्हणाला, तुला उभं राहण्यापलीकडे काय येतं? म्हणून दाखवलं!"

बायको बाहेर गेली. पाण्याचा पेला भरून पहारेकऱ्यापुढे गुडघ्यांवर बसली. पदरानं त्याचा ओठ पुसू लागली.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "आधी तुम्ही घोटभर घ्या."