कृपया फोन ठेवू नका

रविवारी दुपारी दोन वाजता मी मदत केंद्राच्या मागच्या दाराशी उभा होतो. काम साधं होतं. एक रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि घरी यायचं. ते मिळवायला आठ वर्षं भांडावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

रुग्णवाहिका हवी असली की लोक फोन करतात, ते हे केंद्र. माझी बायको गेली त्या दिवशी तिच्या मोबाईलवरून शेवटचा फोन इथे लागला होता. ते म्हणतात, लागला नाही. मी सात अर्ज केले, तीन अपिलं केली. प्रत्येक उत्तरात एकच वाक्य : 'सदर क्रमांकावरून कॉल आल्याची नोंद आढळत नाही.' मी त्यांना तोंडावर खोटारडे म्हटलं, पेपरात छापूनही म्हटलं. अखेर आदेश निघाला. जुन्या सर्व्हरवरची रेकॉर्डिंग नव्यावर हलवताना अर्जदाराने समोर बसावं, त्या दिवसाचं जे सापडेल त्याची प्रत न्यावी. दुपारी चारला जुन्याची वीज कायमची बंद होणार होती.

दार उघडलं ते स्वेटर घातलेल्या एका इंजिनियर बाईंनी.

"तुम्हीच का ते पत्रकार? तुमच्यापायी आमच्या दोन साहेबांची बदली झाली."

"आणि तिसरे?"

"ते आज रजेवर आहेत. पोटात दुखतंय म्हणे. तुम्ही येणार कळल्यापासून."

खोलीला खिडकी नव्हती. एका भिंतीला जुना सर्व्हर, कपाटाएवढा, त्याचे पंखे कफ झालेल्या म्हाताऱ्यासारखे घरघरत होते. समोर नवा, सुटकेसएवढा, आवाज न करणारा. हवा बर्फासारखी गार आणि तिला तापलेल्या वायरचा वास. जुन्याच्या टेलिफोन लाईनी बाईंनी परवाच तोडल्या होत्या. भिंतीतून रंगीत तारांची टोकं नुसती लोंबत होती.

"तीन दिवस तयारी करतेय," त्या म्हणाल्या. "इकडच्या फाईली मोजल्या, तिकडे जागा केली. आता दोन्हीकडचा आकडा जुळला की सुटलो."

तीन वाजून गेले तेव्हा कॉपी संपली. आकडा जुळला नाही. नव्यावर एक फाईल कमी होती.

बाईंनी पुन्हा मोजलं. मग पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"काय झालं?"

"एक जात नाहीये. उघडी आहे म्हणतंय... कॉल चालू असेपर्यंत फाईल उघडी असते, सर. कॉल संपला की ती बंद होते आणि मगच तिची नोंद पडते. उघडी फाईल हलवता येत नाही."

"आणि कॉल संपलाच नाही तर?"

"तर नोंद नाही. कितीही शोधा."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तारीख तीच होती, नंबर तिचा होता. पुढे कॉलची लांबी : सत्तर हजारांवर तास, मिनिटं, सेकंद. सेकंदाचा आकडा पुढे सरकत होता.

"असं होऊच शकत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "हे मशीन वर्षातून चारदा बंद पडतं. लाईनी मी स्वतः तोडल्यात..."

आठ वर्षं मी ज्यांना खोटारडे म्हणालो, ते खोटं बोलत नव्हते. एवढंच डोक्यात आलं.

बाईंनी मला हेडफोन दिला, त्याला तोंडापुढे माईक होता; दुसरा त्यांनी स्वतःच्या कानाला लावला. त्यांनी फाईल सुरुवातीपासून लावली. आधी रिंग. मग केंद्राचा तो छापील गोड आवाज : 'आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत. कृपया फोन ठेवू नका.' मग तिचा श्वास.

"हॅलो... छातीत फार दुखतंय हो..."

'कृपया फोन ठेवू नका.'

"बरं," ती म्हणाली.

फॉर्मवर 'येथे लिहू नये' असं असलं, तर त्या बाजूला पेनसुद्धा न नेणारी बाई होती ती. आमच्या घरातलं सगळं भांडण माझ्या वाट्याला होतं.

थोड्या वेळाने ती स्वतःशीच पुटपुटली, "त्याने तर कटच केला..."

तो मी. केंद्राच्या आधी तिने मला फोन लावला होता. मी एका अधिकाऱ्याला कोंडीत पकडलं होतं, जोरात आलो होतो. नाव पाहिलं आणि कट केला. सातांपैकी एकाही अर्जात मी हे लिहिलेलं नाही.

बाईंनी फाईल सरकवत शेवटाला आणली, म्हणजे आत्तापर्यंत. तिथेही श्वास होता. थकलेला, पण चालू.

"सर..." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "चारला बारा मिनिटं आहेत. मी इथून कॉल बंद करू शकते. नोंद पडेल, फाईल नव्यावर जाईल. कॉल आला होता आणि कुणी उचलला नाही, एवढा पुरावा तुम्हाला पुरे."

"आणि ती?"

त्यांनी कीबोर्डवरचा हात मागे घेतला.

"नाही बंद केला तर?"

"चारला वीज जाईल. ते आपोआप होतं, माझ्या हातात नाही. मग काहीच उरणार नाही."

"म्हणजे पुन्हा मीच कट करायचा."

आयुष्यभर पुराव्यासाठी लोकांचे गळे धरले मी. तो हाताशी होता. मी माईक ओठांजवळ ओढला.

"ए... मी आहे."

श्वास थांबला.

"कोण...?"

"मी गं."

तिने एक लांब श्वास घेतला. मग, "किती वेळ लावलास रे... त्या बाई ठेवू नका म्हणाल्या, म्हणून मी धरूनच बसले."

"माहीत आहे."

"कुणाशी भांडत होतास?"

"सगळ्यांशी. ऐक... तुझा फोन मी कट केला होता. नाव बघून."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "वेडी आहे का मी?" आणि हसल्यासारखं केलं. मग अगदी हळू विचारलं, "हात दुखतोय फार. आता ठेवू?"

इंजिनियर बाईंनी तोंड फिरवलं. घड्याळात चारला पाच कमी होते.

"ठेव," मी म्हणालो.

"बरं."

खट्ट झालं. सेकंद थांबले. फाईल नव्या सर्व्हरवर गेली, आकडा जुळला, आणि आठ वर्षं न सापडलेली नोंद पडली. कॉल उचलला : होय. कॉल कोणी संपवला : फोन करणाऱ्याने.

चार वाजता पंखे थांबले.

त्या नोंदीच्या आधारे माझं शेवटचं, अजून चालू असलेलं अपील फेटाळलं गेलं. कॉल उचलला गेला होता, तक्रार उरत नाही. मी त्यावर भांडलो नाही.

पण प्रत माझ्याकडे आहे. घरी आल्यावर ऐकली. तिच्या 'बरं' नंतर लगेच खट्ट होत नाही. मध्ये अकरा सेकंद आहेत. त्या खोलीत आम्ही दोघांनीही ते ऐकले नव्हते. त्यात आमचं दार वाजतं. ती चालत जाते, कडी काढते. माझ्याशीच बोलायची त्या सुरात म्हणते, "आलास? चावी विसरलास ना परत?" कुणीतरी "हं" म्हणतं आणि आत येतं. मग कडी पुन्हा लागते. ती लावताना कुणी घाई करत नाही.

आठ वर्षांपूर्वी, ती गेली त्या संध्याकाळी, सुताराला बोलावून मी ते दार फोडलं होतं. कडी आतूनच होती. आत तिच्याशिवाय कुणी नव्हतं.