डाव्या बटणाची पिन

खोटं लिहिलंय तुम्ही, साहेब. चौकशी समितीच्या कागदावर, खाली सही ठोकून, धडधडीत खोटं. ‘कामगाराने डावं बटण चिकटपट्टीने बांधून ठेवलं होतं, म्हणून प्रेस खाली आली.’ ती पट्टी कुणी पाहिली? कुणीच नाही. माणसाचा डावा हात मनगटापासून गेला, त्याला तुम्ही वर बेशिस्त ठरवून घरी बसवलंत. फक्त एक विसरलात. त्याची बहीण तुमच्याच छपराखाली प्रेसचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड तपासते.

तिला सगळे मीटरबाई म्हणत. नाव दादानंच पाडलेलं. “हिला ताट वाढलं तरी आधी मीटर लावून बघेल,” म्हणायचा.

साच्यात पत्रा दाबणाऱ्या त्या प्रेसचा नियम सोपा होता. दोन बटणं, दोन हातांसाठी, एकदम दाबायची. दोन्ही हात बटणांवर असले की साच्यात हात राहूच शकत नाही. ती बटणं वाचायचं काम नखाएवढ्या चिपचं. चिप जागी झाली की तिच्या प्रत्येक पिनेला सांगावं लागतं, तू ऐकायचंस की बोलायचंस. ऐकणाऱ्या पिनेला वर आधारही लागतो. बटण सुटं असताना तिला पाच व्होल्टवर कुणीतरी धरून ठेवावं लागतं. बटण दाबलं की ती शून्यावर येते. आधार नसला तर पिन वाऱ्यावर. शेजारच्या मोटारीची कुरकुरसुद्धा तिला बटण दाबल्यासारखी ऐकू येते.

जुन्या बोर्डावर या आधारासाठी रेझिस्टर होते. नव्या बोर्डावरून ते काढले, कारण चिपच्या पोटातच ती सोय असते; प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहायची, झालं. उजव्या बटणाची ओळ लिहिली गेली. डाव्याची राहिली, म्हणून डावा हात साच्यात असतानाही एकट्या उजव्या बटणावर प्रेस खाली येऊ शकत होती. प्रोग्रॅम लिहिणारे, कायम टाय लावणारे म्हणून टायसाहेब, आणि समितीच्या कागदावर सही करणारेही टायसाहेबच.

मग असा बोर्ड तपासणीतून सुटला कसा? इथे मीटरबाईचं स्वतःचं नाव यायचं. तिच्या टेबलावरची तपासणीची पेटी जुन्या काळातली. त्या पेटीतच स्वतःचे रेझिस्टर होते. लंगड्या बोर्डाला तिथे आयत्या कुबड्या मिळत. आठ प्रेसच्या आठही बोर्डांवर ‘पास’ची चिठ्ठी तिनंच चिकटवली होती, दादाच्या प्रेसच्या बोर्डावरसुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत तिनं टायसाहेबांना टेबलापाशी आणलं. दादाच्या प्रेसचा बोर्ड समोर होता. बटण नाही, वायर नाही. डाव्या पिनेवर फक्त स्कोपची, व्होल्टेज रेघेनं दाखवणाऱ्या यंत्राची, सुई. पडद्यावर हिरवी रेघ थरथरत होती. तिनं तळहात नुसता जवळ नेला आणि रेघ खाली कोसळली.

“बघा. शिवलेही नाही.”

“बाई, हे टेबल आहे. प्रेस नाही.”

“बरं. मग तुमची राहिलेली ओळ मी टाकते. रेघ वर जाऊन थांबली पाहिजे ना?”

“थांबेलच की.”

तिनं ओळ टाकली. रेघ पाच व्होल्टवर गेली, ताणलेल्या दोरीसारखी सरळ. टायसाहेब घड्याळाकडे बघत उठायला लागले.

रेघ खाली आली. थरथर नाही, काही नाही. सावकाश शून्यावर आली आणि तिथेच बसली.

“कुठेतरी शॉर्ट असेल,” ते म्हणाले.

तिनं मीटर लावलं. शॉर्ट नव्हता. पाकिटातली कोरी चिप बसवून तिच्यातही तीच ओळ टाकली. रेघ शून्यावरच.

मग तिनं त्या पिनेला ऐकायचं सोडून बोलायलाच लावलं. सांग, पाच व्होल्ट. आता पिन स्वतः जोर लावत होती. रेघ जराशी उचलली, आणि कुणी वरून अंगठा दाबावा तशी परत खाली गेली. चिप तापली. मीटरबाईचं बोट पोळलं.

फोन वाजला. वहिनी होती.

“ताई, तुम्हीच समजवा ह्यांना. मघापासून गेलेला हात दुखतोय म्हणतात. जेवत नाहीयेत.”

“दे त्याला.”

“काय गं मीटर,” दादा म्हणाला. “हात गेला, पण भाडेकरू काही घर सोडत नाही बघ.”

“कसं दुखतंय?”

“दुखत नाही तसं. काहीतरी दाबून धरलंय त्यानं. गोल आहे. गार. सुटत नाही.”

तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर ठेवला. टायसाहेबांकडे पाहिलं नाही.

“दादा, सोडून बघ.”

“अगं सुटत नाही म्हणतोय ना.” त्यानं जोर लावल्याचा हुंकार फोनमधून आला. “हं. सुटलं.”

रेघ वर गेली.

“परत दाब.”

“कशाला?”

“दाब रे.”

रेघ खाली आली.

“फोन ठेवा, बाई,” टायसाहेब म्हणाले.

“मीटर, हसू नकोस हं,” दादा म्हणाला. “हे बटण एकच नाही. आठ आहेत. सगळ्यांवर माझाच हात आहे.”

काचेपलीकडे सात प्रेस ओळीनं उभ्या होत्या. जवळ कुणी नव्हतं. प्रत्येकीवर डावं बटण दाबल्याचा दिवा लागलेला होता.

कामगार हात पुसत परत येत होते. डाव्या हातानं साच्यात पत्रा सरकवायचा, उजवा बटणापाशी तयार ठेवायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय.

“साहेब,” मीटरबाई म्हणाली, “भुताखेताचं काही लिहू नका. एक ओळ राहिली, एवढंच लिहा. पेटी चुकीची होती, तेही लिहा, माझ्या नावासकट. आणि या प्रेस आत्ता थांबवा.”

“वर विचारावं लागेल.”

भोंगा झाला. पहिल्या माणसानं पत्रा उचलला.

“वर नाही. तुम्हाला विचारतेय. थांबवताय की नाही?”